मूत्रपिंडाची रुग्णखाटेजवळील सोनोग्राफी

मूत्रपिंडाची रुग्णखाटेजवळील सोनोग्राफी ही तातडीच्या उपचार विभागात, रुग्णाला खाटेवरून न हलवता, त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच करावयाची ध्वनिलहरींवर आधारित तपासणी आहे. मूत्रपिंडात लघवी तुंबली आहे काय, मूत्राशय भरलेले आहे की रिकामे, आणि मूत्रपिंडाचा आजार नवा आहे की जुना, अशा मोजक्या प्रश्नांची उत्तरे काही मिनिटांत मिळवणे हा तिचा हेतू असतो. क्ष-किरणतज्ज्ञाने सोनोग्राफी कक्षात केलेल्या सविस्तर तपासणीची जागा ती घेत नाही. पुढचे पाऊल कोणते टाकावे एवढे ती सांगते.

भारतात या तपासणीला वैद्यकीय बाजूइतकीच कायद्याचीही बाजू आहे. मूत्रपिंड दाखवणारे यंत्र गर्भही दाखवते. त्यामुळे ते कोठे ठेवावे, कोणी वापरावे आणि कोठवर न्यावे यावर गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याची बंधने आहेत. विस्ताराने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अशा तपासणीची गरज आणि तिच्यावरील बंधनांचे कारण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

नाव व परिभाषा

या प्रकाराला इंग्रजीत ‘पॉइंट ऑफ केअर अल्ट्रासाउंड’ असे नाव असून डॉक्टरांच्या बोलण्यात त्याचे ‘पोकस’ हे लघुरूप रूढ आहे. मराठीत सोनोग्राफी हाच शब्द सर्वत्र वापरला जातो. मूत्रपिंडाला जुन्या शास्त्रीय परिभाषेत ‘वृक्क’ असा शब्द आहे. व्यवहारात मात्र ‘किडनी’ हेच नाव चालते.

लघवीच्या मार्गात अडथळा आल्यामुळे मूत्रपिंडाच्या आतील पोकळी फुगते, त्या अवस्थेस हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात. दवाखान्यांत रुग्णाला हे ‘किडनीला सूज आली आहे’ अशा शब्दांत सांगितले जाते. हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. सूज म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दाह येतो आणि ती गोळ्यांनी उतरेल असे त्याला वाटते. वास्तविक येथे साठलेली असते ती लघवी, आणि अडथळा दूर झाल्याखेरीज ती उतरत नाही. ‘लघवी तुंबून किडनी फुगली आहे’ असे सांगणे अधिक अचूक ठरते.

तत्त्व व विकास

काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युतभार निर्माण होतो, हा गुणधर्म प्येर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. सोनोग्राफीच्या प्रोबचा आधार हाच गुणधर्म आहे. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी वापरला जाणारा ध्वनी २० ते ५० लाख हर्ट्झ इतक्या उच्च वारंवारतेचा असतो. शरीराच्या मऊ भागांत तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो व निरनिराळ्या थरांवरून परततो. परत येण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र चित्र रचते. लघवी, रक्त यांसारखे द्रव ध्वनी परतवत नाहीत, म्हणून ते काळे दिसतात. खडा किंवा हाड ध्वनी अडवते, म्हणून ते पांढरे दिसते व त्याच्या मागे काळी सावली पडते.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये पोटातील गाठी व गर्भ यांच्या तपासणीविषयीचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून वैद्यकात या तंत्राचा प्रसार झाला. पुढील चार दशके यंत्र मोठे होते आणि रुग्णाला त्याच्याकडे न्यावे लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हातात उचलून नेता येतील अशी यंत्रे आली, अपघातग्रस्तांच्या पोटातील रक्तस्राव शोधण्यासाठी ती तातडीच्या विभागांत वापरली जाऊ लागली आणि तेथूनच मूत्रपिंडाकडे वळली. भारतात आपत्कालीन वैद्यक या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून २००९ मध्ये मान्यता मिळाली.

तपासणीची पद्धत

रुग्णाला उताणे झोपवून त्वचेवर जेल लावतात व वक्र पृष्ठभागाचा प्रोब वापरतात. उजवे मूत्रपिंड यकृताच्या खाली असते. काखेच्या मध्यरेषेवर खालच्या बरगड्यांपाशी प्रोब ठेवला असता यकृतातून ते स्पष्ट दिसते. डावीकडे प्लीहेचा असा आधार थोडाच मिळतो आणि जठर व आतड्यातील वायू मध्ये येतो. म्हणून प्रोब अधिक वर व पाठीकडे न्यावा लागतो. तो इतका मागे जातो की धरणाऱ्याच्या बोटांची पेरे खाटेला टेकतात. नवशिक्यांना डावे मूत्रपिंड सापडत नाही, त्याचे कारण बहुधा प्रोब पुरेसा मागे न नेणे हेच असते. रुग्णाला दीर्घ श्वास घेऊन रोखण्यास सांगितले की मूत्रपिंड बरगड्यांच्या सावलीतून खाली सरकते.

प्रत्येक मूत्रपिंड उभ्या व आडव्या अशा दोन्ही छेदांत पाहतात. दुखणे एका बाजूचे असले तरी दोन्ही बाजू पाहणे आवश्यक असते. दुसरे मूत्रपिंड जन्मतःच नसेल किंवा आधीच निकामी झालेले असेल, तर साध्या वाटणाऱ्या मुतखड्याचाही अर्थ पूर्ण बदलतो. शेवटी ओटीपोटावर प्रोब ठेवून मूत्राशय पाहिल्याखेरीज तपासणी पुरी झाली असे मानत नाहीत.

प्रौढ व्यक्तीच्या मूत्रपिंडाची लांबी सामान्यतः ९ ते १२ सेंटिमीटर असते. बाहेरचा थर यकृताइतकाच किंवा त्याहून किंचित गडद दिसतो. मध्यभागी चरबीमुळे पांढरा पट्टा असतो. निरोगी अवस्थेत या पांढऱ्या पट्ट्यात काळी पोकळी नसते किंवा जेमतेम असते.

तपासणीतून मिळणारी उत्तरे

मूत्रपिंडाचे कार्य अचानक मंदावणे याला तीव्र मूत्रपिंड इजा म्हणतात. रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर किंवा अधिक वाढणे, सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट होणे, अथवा सहा तास लघवीचे प्रमाण शरीराच्या प्रति किलो वजनामागे ताशी ०.५ मिलिलीटरपेक्षा कमी राहणे, हे तिचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. या इजेची कारणे तीन गटांत मांडतात: मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा कमी पडणे, मूत्रपिंडाच्या पेशींनाच इजा होणे आणि लघवीचा मार्ग बंद होणे. तिसऱ्या गटातील रुग्ण संख्येने थोडे असतात, परंतु सोनोग्राफीचे महत्त्व त्यांच्यासाठीच सर्वाधिक आहे. अडथळा वेळीच काढला तर मूत्रपिंड पूर्ववत होऊ शकते; जितका उशीर, तितकी ही शक्यता कमी होत जाते. रक्ताची चाचणी मूत्रपिंड बिघडले आहे एवढेच सांगते. मार्ग बंद आहे की नाही, ते पाहावेच लागते.

अडथळा असल्यास मधल्या पांढऱ्या पट्ट्यात काळी पोकळी दिसते. सौम्य अवस्थेत ती लहान असते. मध्यम अवस्थेत तिच्या शाखा फुगून हाताच्या पंजासारखा आकार घेतात. तीव्र अवस्थेत बाहेरचा थर पातळ होतो. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली व मूत्राशय तट्ट भरलेले असेल तर अडथळा मूत्राशयाच्या खाली आहे, असे बहुधा समजावे. वृद्ध पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हे याचे नेहमीचे कारण असते. अशा वेळी नळी घालताच निदान व उपचार दोन्ही साधतात. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली व मूत्राशय रिकामे असेल, तर अडथळा वर आहे. स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगाने दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या जातात, ही शक्यता येथे विसरता येत नाही.

मूत्राशयातील लघवीचे मोजमाप अगदी सोपे आहे. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास ०.५२ ने गुणतात. १२, १० व ९ सेंटिमीटर अशी मापे आल्यास लघवी सुमारे ५६० मिलिलीटर भरते. ‘दुपारपासून लघवी झाली नाही’ असे सांगणाऱ्या दोन रुग्णांपैकी एकाचे मूत्राशय भरलेले व दुसऱ्याचे कोरडे असू शकते. पहिल्याला नळी हवी. दुसऱ्याच्या मूत्रपिंडांत लघवी तयारच होत नसते. बाहेरून हाताने तपासून, विशेषतः स्थूल व्यक्तीत, हा फरक नेहमी कळत नाही.

ताप, थंडी वाजणे व कुशीत वेदना असलेल्या रुग्णात मूत्रपिंड फुगलेले दिसणे ही या तपासणीतील सर्वांत गंभीर खूण होय. बंद मार्गामागे साठलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला म्हणजे प्रतिजैविके तेथवर पुरेशी पोहोचत नाहीत आणि काही तासांत संसर्ग रक्तात पसरू शकतो. येथे पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून किंवा मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट बसवून लघवीला वाट करून देणे हाच उपचाराचा गाभा असतो. खडा नंतर काढतात. अशा रुग्णाला केवळ सलाइन व इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत थांबवणे धोक्याचे असते. मधुमेही रुग्णात जंतूंमुळे मूत्रपिंडात वायू निर्माण होण्याचा एक दुर्मीळ पण प्राणघातक प्रकार आढळतो. वायूमुळे चित्र पांढरट व धूसर होते आणि मूत्रपिंड ‘नीट दिसत नाही’ एवढीच नोंद होते. मधुमेह, ताप आणि न दिसणारे मूत्रपिंड हे एकत्र आले तर सीटी स्कॅन लांबवू नये, असा संकेत आहे.

आजार जुना की नवा, हे मुख्यतः आकारावरून ठरवतात. आक्रसलेली, पातळ थराची व पांढरट मूत्रपिंडे दीर्घकाळच्या आजाराची साक्ष देतात. मधुमेहात मात्र मूत्रपिंड निकामी होत आले तरी आकार कायम राहू शकतो, म्हणून आकार नेहमीचा आहे यावर विसंबून आजार नवा ठरवता येत नाही.

मर्यादा व फसवी चित्रे

तपासणी लवकर केली तर अडथळा असूनही पोकळी फुगलेली नसते. पाणी कमी पडलेल्या, सुकलेल्या रुग्णात ती फुगतच नाही आणि सलाइन दिल्यावर दिसू लागते. म्हणून काही तासांनी पुन्हा पाहणे शहाणपणाचे ठरते. उलटपक्षी, मूत्राशय गच्च भरलेले असल्यास निरोगी व्यक्तीच्या मूत्रपिंडातही सौम्य फुगवटा दिसतो व लघवी करून आल्यावर नाहीसा होतो. गर्भारपणात, विशेषतः उजवीकडे, असा फुगवटा नैसर्गिक असतो. पोकळीलगतच्या पाण्याच्या गाठी व ठळक रक्तवाहिन्याही अनभिज्ञाला फसवतात. रक्तवाहिन्या डॉप्लरने ओळखता येतात.

मुतखडा मूत्रपिंडात किंवा मूत्राशयाच्या तोंडाशी असेल तर दिसतो. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा आतड्यांच्या मागे दडतो. साठीपुढील रुग्णात कुशीत अचानक आलेली तीव्र कळ मुतखड्याचीच असेल असे नाही. महारोहिणी फुगून फुटत असतानाही अशीच कळ येते, म्हणून त्याच प्रोबने महारोहिणीही पाहून घेण्याची शिस्त पाळतात.

मुतखड्याच्या संशयात प्रथम सोनोग्राफी करावी की सीटी, यावर अमेरिकेतील १५ तातडीच्या विभागांत २,७५९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. खडा ओळखण्यात तातडीच्या विभागातील डॉक्टरांच्या सोनोग्राफीची संवेदनशीलता ५४ टक्के, क्ष-किरणतज्ज्ञांच्या सोनोग्राफीची ५७ टक्के व सीटीची ८८ टक्के होती. तरीही गंभीर आजार निसटण्याच्या किंवा गंभीर अपाय होण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांना किरणोत्सर्ग कमी मिळाला. खाटेजवळ तपासलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णांना पुढे सीटी करावाच लागला. या अभ्यासाचा दाखला देताना हा शेवटचा आकडा बहुधा गाळला जातो. तो लक्षात घेतला तर ज्या रुग्णालयापासून सीटी यंत्र दूर आहे तेथे रुग्णाला केव्हा पुढे पाठवावे, याचा विचार आधीच करून ठेवता येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. सह्याद्रीच्या कुशीतील अकोले जिल्ह्याच्या मुख्यालयापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, तर दक्षिणेकडील जामखेडची वाट बीडच्या दिशेने जाते. नगर शहरातील जिल्हा रुग्णालयाखेरीज शहराजवळ विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय, राहाता तालुक्यात लोणी येथे प्रवरा संस्थेचे १९८४ पासूनचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि शिर्डी येथे साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत. म्हणजे मोठ्या सोयी नगर शहराभोवती व प्रवरेच्या पट्ट्यात एकवटल्या आहेत. रात्री खेड्यातून निघालेला रुग्ण प्रथम पोहोचतो तो ग्रामीण रुग्णालयात, आणि त्याला तेथेच ठेवायचे, लोणीला न्यायचे की नगरला, हा निर्णय १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारात उभी असताना घ्यावा लागतो. लघवी तुंबली आहे की नाही, हे तेव्हा कळणे निर्णायक ठरते. प्रोस्टेटमुळे मूत्राशय भरलेल्या वृद्धाला नळी घालून तेथेच आराम देता येतो. ताप व फुगलेले मूत्रपिंड असलेल्या रुग्णाला मूत्ररोगतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच पाठवावे लागते, मध्येच दुसऱ्या छोट्या रुग्णालयात थांबवून चालत नाही.

जिल्ह्याच्या शेतीव्यवसायातून मूत्रपिंडाच्या काही तातडीच्या समस्या उद्भवतात. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यापासून हा जिल्हा उसाचा झाला. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. कारखान्यांकडे येणारे कोयते शेजारच्या बीड जिल्ह्यातून जसे येतात, तसे याच जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतूनही निघतात. उन्हातील कष्ट, अपुरे पाणी आणि अंगदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचा एकत्रित भार मूत्रपिंडावर पडतो. या प्रकारात सोनोग्राफीत मूत्रपिंडे बहुधा नेहमीसारखीच दिसतात. अडथळा नाही आणि खालची महाशीर आकसलेली आहे, एवढे पाहून डॉक्टर सलाइनचा निर्णय घेऊ शकतो. कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगार स्त्रियांना शौचालयाअभावी लघवी रोखून धरावी लागते, पाणीही त्या मुद्दाम कमी पितात. लघवीच्या मार्गाचा संसर्ग त्यांच्यात त्यामुळे वारंवार होतो. संसर्ग साधा की तुंबलेल्या मूत्रपिंडातला, हा प्रश्न त्यांच्याबाबत विशेष महत्त्वाचा आहे.

शेतात होणारा घोणसाचा दंश हे आणखी एक कारण. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व मूत्रपिंडांना तीव्र इजा होऊ शकते. प्रतिविष देणे हा त्यावरील उपचार; तो सोनोग्राफीसाठी खोळंबता कामा नये. दंशानंतर लघवी थांबली तर मूत्राशय रिकामे आहे काय, हे पाहून डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयाकडे रुग्णाला वेळेत हलवता येते. रक्त गोठत नसताना उगाच नळी घालण्याचा प्रयत्नही त्यामुळे टळतो.

कायदेशीर चौकट

याच जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्राला दुसराही इतिहास आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८८४ मुली होत्या; २०११ मध्ये त्या ८५२ राहिल्या. राज्याचा २०११ चा आकडा ८९४ होता. सधन, सिंचित, सहकाराने पुढे आलेल्या जिल्ह्यात ही घट व्हावी, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होय. तो १९८८ मध्ये झाला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. मुंबईची ‘सेहत’ व पुणे जिल्ह्यात काम करणारी ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीच्या काळातच २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण बसवले गेले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळले. (हेच देशमुख पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.)

कायद्यानुसार यंत्र नोंदणीकृत जागेतच ठेवावे लागते आणि ते चालवणाऱ्यांची नावे व पात्रता नोंदवावी लागते. २०१२ मधील दुरुस्तीनुसार उचलून नेता येणारे यंत्र दोनच परिस्थितींत वापरता येते: नोंदणी असलेल्या आवारात दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांत सोनोग्राफी करण्याची मर्यादा घातली. चौदा तालुक्यांच्या जिल्ह्याला व लहानशा जिल्ह्याला ही मर्यादा सारखीच लागू होते. खिशात मावणारे प्रोब बाजारात आले असले तरी खेडोपाडी भेटी देणाऱ्या डॉक्टरने ते पिशवीत घालून नेणे कायद्यात बसत नाही.

गर्भवतीची सोनोग्राफी कोणत्याही कारणाने केली तरी ‘एफ’ नमुन्यातील अर्ज भरावा लागतो. सातव्या महिन्यात कुशीत कळा येऊन आलेल्या स्त्रीचे केवळ मूत्रपिंड पाहिले तरी हीच नोंद लागते. अशा स्त्रीत सीटीचा किरणोत्सर्ग टाळायचा असल्याने सोनोग्राफी हीच पहिली तपासणी असते. नोंदीतील उणीव, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, कायद्याचा भंग मानली जाते. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदी वैध ठरवल्या. नोंदीविना तपासण्यांची गणतीच होत नाही आणि गणती नसेल तर गैरवापर उघडकीस येत नाही, हे त्यामागील कारण आहे. एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम २०१४ मध्ये आले. त्यांचा भर गर्भवतींच्या तपासणीवर आहे. मूत्राशय भरले आहे की नाही एवढेच पाहू इच्छिणाऱ्या तातडीच्या विभागातील डॉक्टरसाठी वेगळी, मर्यादित परवानगी कायद्यात नाही.

कायद्यात बसणारी रीत म्हणून रुग्णालये तातडीच्या विभागातील यंत्र त्याच आवाराच्या नोंदणीत दाखवतात, ते वापरणाऱ्या पात्र डॉक्टरांची नावे आधीच कळवून ठेवतात आणि ‘एफ’ नमुन्याच्या प्रती यंत्रापाशीच ठेवतात. गर्भलिंग सांगणे कायद्याने निषिद्ध असल्याचा फलक यंत्र असलेल्या प्रत्येक जागी मराठीतही लावणे बंधनकारक आहे, मग त्या खोलीत केवळ मुतखड्याचे रुग्ण का येत असेनात.